प्रतिभा असूनही वाया गेलेले बॉक्सर कोण? नेमकं चुकतं कुठे?

तुमचा भाचा चौदा वर्षांचा, बॉक्सिंग करतो, त्याचे सर म्हणतात 'पोरात गुण आहेत', आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून तुम्हाला वाया गेलेल्यांची नावं हवीत. बरं, देतो नावं. पण हा 'वाया गेला' शब्द जरा जपून वापरा. गेल्या वर्षी एका सत्काराच्या मांडवात ह्याच शब्दावरून मी जिलबीचं ताट खाली ठेवून चालू पडलो होतो. ते पुढे येईलच.

टायसनला ह्या यादीत घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. विसाव्या वर्षी हेवीवेटचा जगज्जेता झालेला माणूस. नंतर त्याने कितीही माती खाल्ली तरी पोहोचायचं तिथे तो पोहोचला होता. ब्रिटनच्या नसीम हमेदलाही घालू नका. छत्तीस जिंकल्या, एक हरला, अठ्ठाविसाव्या वर्षी ग्लोव्हज काढून घरी गेला. कंटाळा आला असेल. खेळाचा कंटाळा यायचा हक्क फक्त क्रिकेटवाल्यांनाच आहे का? रिडिक बोवेबद्दल बोलता येईल. १९९२ मध्ये हेवीवेटचा जगज्जेता होलीफिल्डला हरवलं आणि महिन्याभरात लंडनमध्ये पत्रकारांसमोर जगज्जेतेपदाचा एक पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला, कारण तो ठेवायचा तर लेनॉक्स लुईसशी खेळावं लागणार होतं. हाच लुईस, ज्याने सोल ऑलिंपिकच्या फायनलमध्ये त्याला दुसऱ्याच राउंडला थांबवलं होतं. मग पोट सुटलं, होलीफिल्डने पट्टे परत घेतले, संपलं. त्याच्याबद्दल मला फार वाईट वाटत नाही.

खरं उत्तर हवं असेल तर आयके इबेआबुची. नायजेरियाचा हेवीवेट, अमेरिकेत येऊन खेळला. जून १९९७, सॅक्रामेंटो, समोर डेव्हिड तुआ, तोही तोवर न हरलेला. बारा राउंडमध्ये दोघांनी मिळून १७३० ठोसे फेकले. हेवीवेटमध्ये तोवर कुणी इतके मोजले नव्हते. मार्च १९९९ मध्ये ख्रिस बर्ड, ज्याच्या अंगाला हात लागणं मुश्कील, त्याला पाचव्या राउंडला झोपवला. वीस लढती, वीस विजय. त्याच वर्षी जुलैत लास व्हेगासमध्ये एका स्त्रीवर हल्ला केल्याच्या प्रकरणात अटक झाली आणि पुढची कित्येक वर्षं तुरुंगात गेली. जगज्जेतेपदाची लढत एकही नाही. आता मधलं ऐका. तुआच्या लढतीनंतर तो डोकं दुखतं म्हणून सांगत होता, आणि काही महिन्यांतच त्याने एका जुन्या मैत्रिणीच्या पोराला गाडीत घालून गाडी खांबावर घातली. म्हणजे ह्याचं डोकं ठिकाणावर नाही हे १९९७ मध्येच जगाला दिसलं होतं. तरी त्याच्या पुढच्या लढती लागतच होत्या.

टोनी अयाला ज्युनियर, सॅन अँटोनियोचा, त्याचंही तेच. बावीसपैकी बावीस जिंकलेला, डेव्ही मूरशी जगज्जेतेपदाची लढत व्हायची होती, आणि १ जानेवारी १९८३ ला न्यू जर्सीत एका बाईच्या घरात घुसून बलात्कार केला. पस्तीस वर्षांची शिक्षा झाली, सोळा भोगली. मला हळहळ त्या बाईबद्दल वाटते, त्याच्या करिअरबद्दल नाही. पण पंधराव्या वर्षीच त्याने एका मुलीवर हल्ला केला होता, शिक्षाही झाली होती. तरी पोराचा डावा हुक असा होता की ती गोष्ट झाकायला सगळे तयार.

दोन्हीकडे आजूबाजूच्यांना दिसत होतं. पण त्या पोराच्या हातावर कुणाचं तरी काहीतरी अडलेलं होतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढचं माझ्या घरातलं आहे, कंटाळा आला तर शेवटच्या दोन परिच्छेदांवर उडी मारा.

डिसेंबर १९९८ मध्ये डिंको सिंगने बँकॉकला एशियन गेम्सचं सुवर्ण घेतलं. १९८२ च्या कौरसिंगनंतर बॉक्सिंगमध्ये पहिलंच. वय एकोणीस, इंफाळकडच्या एका खेड्यातला, अनाथालयात वाढलेला. आधी त्याला संघातून वगळलं होतं, त्या दुःखात तो इतका प्यायला की बेशुद्ध पडला, मग नाव परत घातलं आणि गडी सोनं घेऊन आला. आम्ही पुण्यात कँपातल्या एका हॉलमध्ये खेळायचो. पत्र्याचं छत, एका कोपऱ्यात दबलेली रिंग, चार बॅगा, त्यातली एक वाळूने इतकी घट्ट झालेली की तिला आम्ही 'सासूबाई' म्हणायचो. डिंकोची बातमी आली तेव्हा सरांनी तिथे सगळ्यांना उभं करून तात्पर्य सांगितलं, "हट्ट पाहिजे." आमच्यातल्या बारक्याने वेगळं तात्पर्य काढलं. डिंको ५४ किलोत खेळतो.

कारण बारक्याही ५४ चा. वय अठरा, डावरा, वडिलांचं इस्त्रीचं दुकान. मी बावीसचा, मीही ५४ चा. आम्ही रोज स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, करायचो आणि रोज मी मार खायचो, हे लिहायला मला आता लाज वाटत नाही. त्याचा उजवा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, दिसायचा नाही. दिसायचा तो त्याचा खांदा, आणि खांद्याकडे बघेपर्यंत नाक ओलं झालेलं असायचं. त्यात मारून झाल्यावर वर विचारायचा, "दादा, लागलं का?" खवचटपणे नाही हो, खरंच विचारायचा. मी 'नाही' म्हटलं की खूश व्हायचा आणि परत मारायचा. हॉलमध्ये लष्करातली मुलं अधूनमधून यायची, त्यांच्यातला एक जण एकदा रिंगमधून उतरून सरांना म्हणाला, "ये लडका कहाँ छुपा के रखा था?"

फेब्रुवारीत राज्य स्पर्धा होती. जिल्ह्याच्या संघात प्रत्येक वजनात एकच. सरांनी वहीत हिशेब मांडला. ४८ ला पोरगा आहे, ५१ रिकामं, ५४ ला दोन, ५७ ला दुसऱ्या क्लबचा एक जण, ज्याने मला आधी दोनदा तुडवला होता. सांघिक ढाल हवी तर प्रत्येक वजनात माणूस उतरवायला हवा. सर म्हणाले, बारक्या ५१ मध्ये जाईल, उंचीला तो बारीकच आहे. निवड चाचणी घेतलीच नाही. घेतली असती तर निकाल काय लागला असता हे सरांना, मला आणि त्या सासूबाईला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा त्याचं वजन ५६ च्या वर होतं. हातात सोळा दिवस. बाहेरच्या माणसाला वाटतं की पाच किलो म्हणजे काय, महिनाभर डाएट केलं की उतरतं. हे तसं नसतं. अठरा वर्षांच्या तयार बॉक्सरच्या अंगावर चरबी असतेच किती? जे उतरवायचं ते पाणी. पहिल्या आठवड्यात भात-पोळी बंद, मग मीठ बंद. ट्रॅकसूटच्या आत रेनकोट घालून रेसकोर्सच्या कडेने पळायचं. शेवटचे दोन दिवस पाणी बंद. लिंबाची साल चघळत बाटलीत थुंकत बसायचं. स्पर्धेच्या गावी लॉजच्या बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून, दार लावून, अंगावर घोंगडी घेऊन बसायचं. हे सगळं मी त्याच्या शेजारी बसून बघितलंय. माझं वजन आरामात भरत होतं, मी केळी खात होतो. त्याच्यासमोर नाही खाल्ली, बाहेर पॅसेजमध्ये जाऊन खाल्ली.

वजनाच्या दिवशी सकाळी काटा ५१ च्या वर थोडा. अंगावर कपडा नाही, तरी वर. तासाभराची मुदत होती. तो पळाला, थुंकला, आणि मग आम्ही त्याला न्हाव्याकडे नेऊन टक्कल करून आणलं. केसांचं वजन ते किती असणार, मूठभर. पण तेवढ्याने काटा खाली आला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

लोकांना आणखी एक गोष्ट माहीत नसते. टीव्हीवर जे व्यावसायिक बॉक्सिंग बघता तिथे वजन आदल्या दिवशी होतं, गडी रात्रभर खाऊन-पिऊन, पाणी भरून, दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये येतो. हौशी स्पर्धेत ज्या दिवशी बाउट, म्हणजे लढत, त्या दिवशी सकाळी वजन. फायनलला जायचं तर चार-पाच दिवस हा खेळ रोज. म्हणजे सकाळी वजन भरलं, पाणी प्यायलं, संध्याकाळी खेळलं, जिंकलं, की रात्री परत रेनकोट.

पहिली बाउट तो जिंकला. दुसरी तर पंचांनी दुसऱ्याच राउंडला थांबवली, समोरचा पोरगा उभाच राहीना. तिसऱ्या दिवशी सेमीफायनल. कॉर्नरला सर आणि बादली धरून मी. पहिला राउंड बघायला हवा होता तुम्ही. समोरचा उंच, लांब हाताचा, आणि त्याला बारक्या सापडतच नव्हता. दुसऱ्या राउंडनंतर तो स्टुलावर बसला, तेव्हा मी तोंडाला बाटली लावली. रीत अशी की गुळणी करायची आणि बादलीत थुंकायची. त्याने गिळलं. सर ओरडले, "पितोस काय! जड होशील!" वजन सकाळीच होऊन गेलं होतं, आता जड झाला तर कुणाचं काय बिघडणार होतं? पण सवयीने ओरडले. तो दचकला आणि उरलेलं थुंकला.

तिसऱ्या राउंडला पाय गेले. जॅब निघत होता, पण खांदा आधी हलायचा, मग बऱ्याच वेळाने हात. पहिल्यांदा आठ आकडे मोजले, दुसऱ्यांदा मोजले, मग पंचांनी हात वर करून थांबवलं. तो रिंगमधून उतरला आणि मला म्हणाला, "दादा, मला तो दिसतच नव्हता रे." ज्याचं सगळं बॉक्सिंग डोळ्यात होतं, त्याचा डोळाच आधी गेला. मेंदूभोवतीचं पाणीही ह्याच पाण्यात येतं, असा कोरडा माणूस ठोसा खातो तेव्हा तो ओल्या माणसापेक्षा जास्त खातो, हे मी नंतर वाचलं. त्या रात्री त्याला चहासारखी लघवी झाली. ती त्याने फक्त मला सांगितली.

त्याला कांस्य. मी ५४ मध्ये फायनलला हरलो, रौप्य. त्या सर्टिफिकेटवर खेळाडू कोट्यातून मला नोकरी लागली, आजही तीच करतोय. आम्हाला सांघिक ढालही मिळाली, ती सरांच्या कपाटावर आहे.

बारक्या तीन महिने हॉलवर आला नाही. आला तेव्हा ६० किलोचा होता. सर म्हणाले पोरगा सुटला, ह्याला शिस्त नाही. वर्षभरात त्याने खेळ सोडला. आता शाळेची व्हॅन चालवतो.

सरांचं त्याच्याबद्दलचं वाक्य ठरलेलं आहे. "गुण होते, पण गुणी नव्हता." टाळ्या मिळवणारं वाक्य आहे. गेल्या वर्षी त्यांच्या पंच्याहत्तरीला आम्ही जुन्या पोरांनीच वर्गणी काढून सत्कार केला, तिथे व्यासपीठावरून त्यांनी तेच म्हटलं, नाव घेऊन, "वाया गेला" असंही म्हटलं. बारक्या मागच्या रांगेत बसला होता, त्यानेही पाचशे रुपये दिले होते. तो हसला. मला ते जमलं नाही.

मग सर, गुरचरण सिंगला तुम्ही काय म्हणणार? सिडनी २०००, ८१ किलो, उपांत्यपूर्व फेरी, युक्रेनचा फेडचुक. आपण सगळे हॉलमध्ये टीव्हीसमोर होतो, तुम्हीही होता. गुरचरण पुढे होता, शेवटच्या काही सेकंदांत समोरच्याने बरोबरी केली, १२-१२, आणि बरोबरी झाली की पंचांनी नोंदवलेले सगळे ठोसे मोजायचे, त्या नियमात तो हरला. जिंकला असता तर बॉक्सिंगमधलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक २००० मध्ये आलं असतं, विजेंदरपर्यंत आठ वर्षं थांबावं लागलं नसतं. तो पुढे लष्कर आणि देश सोडून अमेरिकेत व्यावसायिक झाला. इथे लोक त्याला पळपुटा म्हणाले. विकास कृष्ण लंडनला २०१२ मध्ये एरल स्पेन्सविरुद्ध १३-११ जिंकला, हॉटेलवर जाऊन झोपायची तयारी करतो तोवर अमेरिकेच्या अपिलावर निकाल फिरवला, १५-१३ स्पेन्स. स्पेन्स पुढे जगज्जेता झाला. आणि त्याच वर्षाच्या शेवटी आपल्या राष्ट्रीय संघटनेच्या निवडणुकीतल्या घोळावरून जागतिक संघटनेने तिला निलंबित केलं. पुढे नवी संघटना, मग हंगामी समिती, अखेर २०१६ मध्ये पुन्हा नवी. लंडनला भारताचे आठ बॉक्सर होते, रिओला तीन. अठराव्या वर्षी तयार असलेली किती पोरं त्या चार वर्षांत तिकीट तपासनीस झाली, त्यांची नावं कोण लिहिणार? त्यांच्यात कुणी गुणी नव्हतं का?

आणि डिंको. ज्याच्या नावाने हे सगळं सुरू झालं, तो सिडनीत लवकर हरला, त्यानंतर मोठं काही नाही, आणि २०२१ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी यकृताच्या कर्करोगाने गेला. त्याला वाया गेलेला म्हणायचं असेल तर आधी मेरी कोमला विचारा, तिने त्याला बघून खेळ सुरू केला.

आता काही गोष्टी मी सोयीने मागे ठेवल्या, त्या सांगतो, नाहीतर सरांवर अन्याय होईल. सरांनी आम्हाला फुकट शिकवलं. महिन्याला एक रुपया घेतला नाही, ग्लोव्हजना टाके स्वतः घालायचे. त्या काळी सगळेच वजन उतरवायचे, सरांनी काही वेगळं पाप केलं नाही, ते स्वतः त्यांच्या काळात तसेच खेळले होते. बारक्या अधूनमधून प्यायचा, हेही खरं, आणि हे त्या स्पर्धेच्या आधीपासूनचं आहे. आणि ५१ चं नाव निघालं तेव्हा सरांनी मला आणि त्याला दोघांना विचारलं होतं. मी गप्प राहिलो. तो म्हणाला, "दादाला खेळू द्या ५४. त्याचं नोकरीचं वय चाललंय." मी ५७ मध्ये जाऊ शकलो असतो. तिथे मार पडला असता, पदक गेलं असतं, नोकरी गेली असती. म्हणून गप्प राहिलो. सरांशी मी इतकी वर्षं जे भांडतोय त्यात हे वाक्य मी कधी काढत नाही.

तुमच्या भाच्याबद्दल. मोठ्यांच्या कहाण्यांचं त्याला काही सांगू नका, चौदाव्या वर्षी त्याचा उपयोग नाही. त्याच्या सरांना एवढंच विचारा, ह्याला कोणत्या वजनात खेळवणार आणि का. उत्तरात 'तिथे आपली जागा रिकामी आहे' असं आलं तर पोराला घेऊन घरी या. वाढत्या पोराचं वजन उतरवायचं नसतं, तो वाढेल त्या गटात खेळवायचा, हरला तर हरला. निवड चाचणी झालीच पाहिजे, भले तुमच्या भाच्याच्या जागेवर दुसरा कुणी त्याला हरवून जावो. ठोसा खाऊन डोकं दुखतं म्हणाला तर दोन-चार आठवडे रिंग बंद, डॉक्टर म्हणेल तेव्हाच परत. दारू, संगत, मोबाईल हे सगळे सांगतील, ते मी सांगत नाही.

आणि घरी एक काटा घ्या. रोज सकाळी, उठल्यावर, पाणी प्यायच्या आधी, त्याच काट्यावर, वहीत तारीख घालून लिहा. स्पर्धेच्या महिन्यात आकडा दर आठवड्याला खाली जाताना दिसला तर त्याला विचारू नका, तो 'काही नाही' म्हणेल. त्याच्या बॅगेत रेनकोट आहे का ते बघा, पावसाळा नसताना.